हॉजकिनचा रोग आणि दुहेरी उपचार

थॉमस हॉजकिन हा लंडनच्या गाय इस्पितळांत शवविच्छेदन करणारा वैद्य. इ. स. १८३२ मध्यें त्यानें एका निबंधांत अशा कांहीं रोग्यांची हकीकत दिली कीं, ज्यांच्या लसिकाग्रंथि व प्लीहा कोणत्याही परिचित कारणावांचून वाढल्या होत्या. निबंध बरींच वर्षें पडून राहिला. १८६५ मध्यें सॅम्युअल विल्क्सनें या रोगास हॉजकिनचें नांव दिलें, आणि पुढच्याच वर्षीं हॉजकिन जाफा येथें वारला. रोगास नांव मिळालें. रोग्यास कांहींच मिळालें नाहीं.

रंटगेननें १८९५ मध्यें क्ष-किरण शोधल्यावर थोड्याच वर्षांत ते या गांठींवर सोडण्यांत येऊं लागले. गांठी लोण्याप्रमाणें विरघळत, घरची मंडळी निर्धास्त होत, आणि कांहीं महिन्यांनीं शेजारच्याच ग्रंथींत रोग पुन्हां डोकें वर काढी. तेव्हां निरोगी दिसणाऱ्या शेजारच्या ग्रंथींवरही किरण सोडावे, हा विचार जिनीव्हाच्या रेने जिल्बेर यानें मांडला. टोरांटोच्या डॉ. व्हेरा पीटर्स या विदुषीनें १९५० मध्यें आपल्या रोग्यांचा बारकाईनें हिशेब प्रसिद्ध करून दाखविलें कीं, रोग आरंभींच गांठला तर पुष्कळजण वर्षानुवर्षें जगतात. या रोगास असाध्य मानणाऱ्या वैद्यांस तें लवकर पटलें नाहीं.

दुसरें शस्त्र आलें तें रणांगणावरून. मस्टर्ड वायूनें मेलेल्यांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी नष्ट झालेल्या दिसल्या होत्या. त्यावरून येल येथील गुडमन व गिलमन यांच्या प्रयत्नानें १९४२ मध्यें त्याच जातीचें द्रव्य लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर टोंचून पाहण्यांत आलें. युद्धामुळें ही गोष्ट १९४६ पर्यंत गुप्त राहिली. एकट्या औषधाचा गुण टिकेना, म्हणून १९६४ च्या सुमारास अमेरिकेंत डेव्हिटा व त्यांचे सहकारी यांनीं चार औषधें एकत्र योजिलीं. १९७५ मध्यें मिलानच्या बोनाडोना यांनीं ‘एबीव्हीडी’ ही दुसरी चौकडी पुढें आणली. जुन्या चौकडीमुळें येणारें वंध्यत्व व रक्ताचा कर्करोग हिच्यांत पुष्कळच कमी.

येथवर कथा विजयाची. परंतु किरणांनीं बरे झालेले तरुण प्रौढ वयांत आले, तेव्हां त्यांच्यांत हृदयविकार, आणि छातीवर किरण घेतलेल्या स्त्रियांत स्तनांचा कर्करोग, अधिक आढळूं लागला. दोन उपचारांची जोड हवीशी झाली ती यासाठीं. औषध रक्ताबरोबर सर्वत्र फिरून लपलेल्या पेशी मारतें. मग किरण मूळ गांठीपुरते, आणि तेही थोडेच, पुरतात. जर्मन वैद्यांनीं आरंभींच्या व सौम्य रोगाच्या १३७० रोग्यांवर केलेल्या प्रयोगांत (२०१०) औषधांच्या दोन फेऱ्या व २० ग्रे किरण यांचा गुण चार फेऱ्या व ३० ग्रे यांच्याइतकाच आला. ‘इतकें पुरे’ हें सिद्ध करण्यासाठीं एवढा खटाटोप झालेला आम्हीं वैद्यकांत क्वचितच पाहिला आहे.

मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचाही एक प्रयोग २००४ मध्यें प्रसिद्ध झाला. सहा फेऱ्यांनीं रोग पूर्ण मावळलेल्यांपैकीं सुमारें निम्म्यांस किरण दिले, इतरांस नाहींत. आठ वर्षांनीं किरण घेतलेल्यांपैकीं ८८ टक्के निर्वेध होते, न घेतलेल्यांपैकीं ७६. यांत वाढलेल्या रोगाचेही लोक होते, हें मात्र ध्यानांत ठेवावें.

पुढें पेट-चित्रणांत रोग मावळलेला दिसल्यास किरण गाळावे काय, हें ब्रिटिशांनीं (२०१५) व जर्मनांनीं (२०१९) पाहिलें. किरण गाळलेल्यांत रोग कांहीं अधिक उलटला, मृत्यु मात्र वाढले नाहींत. म्हणून पंचवीस वर्षांच्या मुलीच्या छातींत गांठ सांपडली कीं, वैद्यांचें अजून एकमत होत नाहीं. रोग उलटण्याची भीति पत्करावी कीं वीस वर्षांनंतरची, हें तिलाच विचारावें लागतें. आणि आमच्याकडे तें बहुधा तिच्या वडिलांस विचारण्यांत येतें.