सुट्टी कोणासाठी?

एप्रिल सरत आला की आपण शिक्षक दोन कामांना लागतो. एक म्हणजे निकालपत्रके आणि दुसरे म्हणजे सुट्टीचा अभ्यास. मुलांनी रिकामे बसू नये, हा त्यामागचा हेतू. पण सुट्टीत मूल खरोखर रिकामे असते का? आणि मुळात ही सुट्टी आली कोठून?

आपल्या वेदपाठशाळांत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा हे दिवस अनध्यायाचे मानले जात. या तिथी अध्ययनाला वर्ज्य, म्हणून पाठ बंद. मुले दमली असतील, हा विचार त्यात नव्हता. तो विचार कायद्यात शिरला तो कारखान्याच्या दारातून. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील लहान मुलांचे कामाचे तास कमी केले आणि त्यांना रोज दोन तास शाळेत पाठवणे बंधनकारक केले. आपल्याकडे १८८१ चा कारखाना कायदा आला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायचे नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घ्यायचे नाही आणि त्यांना महिन्यात चार सुट्ट्या द्यायच्या, असे त्यात होते. मोठ्या कामगारांना तेवढेही नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतील गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हा १८९० मध्ये त्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण सहज घेतो तो रविवार असा झगडून मिळालेला आहे.

शाळेची लांब सुट्टी उन्हाळ्याशी जोडली गेली, याचे कारण आपल्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. उर्वरित महाराष्ट्रात शाळा उघडल्या तरी विदर्भात त्या काही दिवस उशिराच उघडतात.

मात्र आलापल्लीच्या जंगलात हाच काळ सर्वांत जास्त कामाचा असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात. ही फुले रात्री उमलतात, वटवाघळे त्यांच्यावर येतात आणि पहाटे मांसल, गोड पाकळ्यांचा सडा पडतो. उन्हे चढण्याआधी तो वेचायचा. मग टेंभरे आणि चारोळी, आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा, अशा हिशेबाने तो मोजला जातो. मोबदला पुड्यांवर मिळत असल्याने घरातले जितके हात, तितके पुडे. त्या हातांत आपल्या वर्गातले हातही असतात.

येथे प्रश्न अवघड होतो. आईबरोबर पहाटे मोह वेचणे, कोणत्या झाडाचे फूल अधिक गोड हे ओळखणे, मधेच टेंभरे खाणे, हे बालपणच आहे. पण भर उन्हात दिवसभर पाने तोडून रात्री पुडे बांधणे, याला काय म्हणायचे? २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी आली. परंतु शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाला मदत करण्याची मुभा राहिली. म्हणजे कायद्याच्या भाषेत सुट्टी हा मदतीचा काळ ठरला. दुसरीकडे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचे ३१ वे कलम मुलाला विश्रांतीचा व खेळाचा हक्क देते, आणि भारताने तो करार १९९२ मध्ये मान्य केला आहे. या दोहोंतली रेघ कागदावर ओढता येत नाही. ती गावात, त्या घराशी बोलूनच ओढावी लागते.

या बाबतीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम आठवावे. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. त्यांनी मुलांना दोष न देता शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा. मुलांचे जगणे आधी पाहायचे आणि मग शिकवण्याची आखणी करायची, हा तिचा धडा आहे.

आमच्या भागातील आश्रमशाळांच्या मुलांचा विचार केला तर सुट्टीचे मोल आणखी वाढते. वर्षाचा बराच काळ ती घरापासून दूर राहतात. आजीच्या तोंडून गोंडी, माडिया किंवा तेलुगू सलग ऐकण्याचा हाच काळ. त्यात आपण शुद्धलेखनाची वीस पाने घुसवायची का?

आम्हांला वाटते, घुसवू नयेत. पालकांना एवढे सांगावे, की मूल सोबत येऊ द्या, पण दुपार त्याची राहू द्या. नदीवर, झाडाखाली, सवंगड्यांत. शाळा उघडल्यावर पहिले चार दिवस पुस्तक बाजूला ठेवावे आणि मुलांना बोलू द्यावे. कोणते झाड कधी फुलले, यंदा मोह कमी का पडला, पाखरांची घरटी कुठे दिसली, हे ती सांगतील. निसर्गाची ती नोंद फळ्यावर लिहून काढली, तर विज्ञानाचा पहिला पाठ तेथेच झालेला असेल.