प्रवरेचा तीर, गोठा आणि जंतूंची ढाल

नेवासें म्हटलें म्हणजे मराठी वाचकाच्या मनांत प्रवरेचा तीर आणि ज्ञानेश्वरी हींच उभीं राहतात, आणि तें स्वाभाविक आहे. परंतु त्याच तीरावरील टेकाडांत आणखी एक इतिहास पुरलेला होता. डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळिया यांनीं १९५४ ते १९५६ या काळांत तेथें उत्खनन केलें, तेव्हां ताम्रपाषाणयुगीन घरांबरोबर गुरांचीं हाडेंही हातीं लागलीं. येथील गोठा तीन हजार वर्षांहून जुना आहे. योगायोग असा कीं, त्याच सुमारास, १९५५ सालीं, पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यांत पेनिसिलिन निघूं लागलें.

औषध नवें, म्हणून जंतूंचा प्रतिकारही नवा, असा सुशिक्षितांचाही समज असतो. तो खरा नव्हे. युकॉन प्रांतांतील तीस हजार वर्षें गोठलेल्या मातींत प्रतिकाराचीं जनुकें सांपडल्याचें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. पेनिसिलिन बुरशीचें, स्ट्रेप्टोमायसिन मातींतील जंतूचें. जेथें विष निपजलें तेथेंच उताराही निपजला. मनुष्यानें केलें तें इतकेंच कीं, औषधाचा मारा करून ढाल नसलेले जंतु मारिले व ढालवाल्यांस रान मोकळें करून दिलें. शिवाय ही ढाल उसनी देतां येते. आंतड्यांतील निरुपद्रवी जंतु ती आमांशाच्या जंतूस देऊं शकतो, हें जपानी शास्त्रज्ञांनीं १९५९ सालीं दाखविलें. मग गाय आणि गवळी यांमधील भिंत ती कसली उरली!

ब्रिटनमध्यें स्वान समितीनें १९६९ सालींच इशारा दिला होता कीं, जनावरें लवकर पुष्ट व्हावींत म्हणून हीं औषधें चाऱ्यांत घालूं नयेत. तो पुरेसा ऐकला गेला नाहीं. कोलिस्टिन हें वैद्यांचें राखीव अस्त्र. त्याविरुद्धची फिरती ढाल चीनमधील डुकरांत २०१५ सालीं आढळली, तेव्हां कोठें आपल्या सरकारनें २०१९ सालीं खाद्यपशूंस तें देण्यास बंदी केली.

शेतकऱ्यास दोष देणें सोपें आहे. म्हशीची कास सुजली तर औषध द्यावेंच लागतें, आणि त्यानंतरचे ठराविक दिवस दूध विकूं नये हा नियमही रास्तच. परंतु त्या दिवसांचें दूध ओतून दिल्यावर घर चालावें कशावर? प्रवरेच्याच काठीं, लोणीस, विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला. तो तोटाही दूधसंघांनीं तसाच वांटून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.