जागेने घडवलेली शर्यत

ट्रायथलॉन म्हटलं की आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आयर्नमॅन उभा राहतो: जवळपास चार किलोमीटर समुद्रात पोहणं, मग 180 किलोमीटर सायकल आणि त्यावर पूर्ण मॅरेथॉन. पण या खेळाचा उगम तिथे नाही. 25 सप्टेंबर 1974 रोजी, बुधवारी संध्याकाळी, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात मिशन बे या खाडीच्या काठावर 46 माणसं जमली. सॅन डिएगो ट्रॅक क्लबचे जॅक जॉनस्टोन आणि डॉन शॅनाहन यांनी ही शर्यत आखली होती. एकूण सहा मैल धावायचं, पाच मैल सायकल चालवायची आणि 500 यार्ड पोहायचं. तेही तुकड्यातुकड्यांनी, म्हणजे सलग पोहण्याचा सर्वांत लांब टप्पा अवघा 250 यार्डांचा. प्रवेश शुल्क एक डॉलर. पहिला आलेला स्पर्धक तासाच्या आत मोकळा झाला. पहिला आयर्नमॅन यानंतर जवळपास साडेतीन वर्षांनी झाला. तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या गावी एखाद्या तलावाच्या काठी रविवारी सकाळी होणारी छोटी ट्रायथलॉन ही मोठ्या शर्यतीची धाकटी नक्कल नव्हे, घराण्यात थोरली तीच आहे. अशा शर्यतीत नाव घालणाऱ्याने आधी काय जाणून घ्यावं, या प्रश्नाला एरवी सरावाच्या तक्त्याने आणि सामानाच्या यादीने उत्तर दिलं जातं. माझं म्हणणं असं, की त्याआधी या खेळाचा इतिहास वाचावा. ट्रायथलॉनचे नियम पुष्कळसे विशिष्ट जागांनी माणसांना जे शिकवलं त्यातून आले आहेत, आणि ज्याला हे कळतं तो आपल्या शर्यतीच्या जागेकडे, विशेषतः तिथल्या पाण्याकडे, वेगळ्या नजरेने पाहतो.

मिशन बे हे मूळचं दलदलीचं पाणथळ. गाळ उपसून, बेटं उभारून शहराने तिथे फिरण्या-पोहण्याची जागा तयार केली. शर्यतीचे तुकडे पडले ते या भूगोलामुळे. थोडं धावायचं, पाण्याची चिंचोळी पट्टी पोहून पार करायची, वाळू-गवतावरून अनवाणी पळायचं, पुन्हा पाण्यात उतरायचं. पोहणं तिथे शेवटाकडे होतं. कामावरून सुटलेल्या लोकांना येता यावं म्हणून सुरुवात संध्याकाळची होती. त्यामुळे मागे पडलेले स्पर्धक पाण्यात असतानाच अंधार झाला आणि त्यांना वाट दिसावी म्हणून काठावर मोटारी आणून त्यांचे दिवे पाण्यावर सोडावे लागले. हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगितला जातो, पण मला तो पहिला धडा वाटतो. दमलेला माणूस, अंधार आणि पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र येऊ द्यायच्या नाहीत. आजच्या शर्यती उजाडताना सुरू होतात, पोहणं पहिलं असतं आणि पाण्यातून बाहेर येण्याला वेळेची मर्यादा असते. आयोजक कठोर आहेत म्हणून नव्हे, तर त्या संध्याकाळी नशिबावर सोडलेली गोष्ट पुढच्यांनी नियमात बसवली म्हणून, असं मी समजतो. तीन खेळ जोडण्याची कल्पना त्याहून जुनी आहे, हेही खरं. 1920 च्या दशकात फ्रान्समध्ये ‘तीन खेळ’ या अर्थाच्या नावाने अशा स्पर्धा होत असत. पण त्यांची परंपरा पुढे टिकली नाही. आजच्या खेळाची अखंड रेघ मिशन बेपासूनच काढता येते.

ती रेघ हवाईपर्यंत नेली जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या दांपत्याने. दोघंही 1974 च्या त्या पहिल्या शर्यतीत उतरले होते. पुढे जॉन यांची अमेरिकी नौदलातली नोकरी त्यांना ओआहू बेटावर घेऊन गेली. तिथे 1977 मध्ये एका धावण्याच्या शर्यतीच्या बक्षीस समारंभात वाद रंगला, की सर्वांत तंदुरुस्त कोण: धावपटू, पोहणारा की सायकलपटू? बेटावर तीन शर्यती आधीपासून होत्या. वायकीकीचं 2.4 मैलांचं सागरी पोहणं, बेटाला वळसा घालणारी सायकल फेरी आणि होनोलुलू मॅरेथॉन. कॉलिन्स यांच्या लक्षात आलं, की सायकलच्या 115 मैलांतून तीन मैल कमी केले आणि बेटाला उलट्या दिशेने वळसा घातला, तर पोहणं जिथे संपतं तिथे सायकल सुरू होते आणि सायकल जिथे संपते तिथून मॅरेथॉन. आयर्नमॅनचा 112 मैलांचा, म्हणजे 180 किलोमीटरचा आकडा आला तो इथून. आज ज्या अंतरासाठी जगभर लोक वर्ष-वर्ष घाम गाळतात, ते कुठल्या शरीरशास्त्रज्ञाने ठरवलेलं नाही; एका बेटाचा रस्ता जेवढा लांब होता, तेवढं ते आहे. ऑलिंपिकचं 1.5, 40 आणि 10 किलोमीटर हे प्रमाण अंतरही असंच 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या शर्यतींच्या व्यवहारातून रुळलं. 1989 मध्ये फ्रान्समधल्या आविन्यों शहरात आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन होऊन पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये हे अंतर कायम झालं. पहिल्यांदा उतरणाऱ्याने म्हणूनच लांबीच्या आकड्याला पावित्र्य देऊ नये. 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर धावणं ही ‘स्प्रिंट’ शर्यत पूर्ण ट्रायथलॉनच आहे. मिशन बेच्या मानाने तर तिच्यातलं पोहणं आणि सायकल दोन्ही मोठी आहेत.

महाराष्ट्राकडे पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. कॉलिन्स यांच्या हाताशी जे होतं ते आपल्याकडेही होतं. मुंबईच्या समुद्रात संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया पोहण्याची स्पर्धा, बोरघाट चढून जाणारी मुंबई-पुणे सायकल शर्यत जिच्यात ‘घाटाचा राजा’ हा मान वेगळा दिला जातो, आणि 1983 पासून पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन. हे तिन्ही खेळ मराठी माणसाने मनापासून जोपासले. पण ओआहूवर ज्या तीन शर्यती एका किनाऱ्यावर येऊन मिळत होत्या, त्यांच्यामध्ये इथे सह्याद्री उभा होता: पोहणं समुद्रात, मॅरेथॉन घाटमाथ्यापलीकडे. ज्याची पोहण्यात हयात गेली तो सायकलवाल्यांच्या वाऱ्यालाही उभा नसायचा. ट्रायथलॉन आपल्याकडे रुळली ती जिथे पाणी, मोकळा रस्ता आणि धावण्याजोगी सावली जवळजवळ सापडली तिथे. कोल्हापुरात राजाराम तलावाच्या काठी, पुण्याच्या आसपास आणि गोव्यात. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर 20 ऑक्टोबर 2019 रोजी भारतातली पहिली अधिकृत अर्ध-आयर्नमॅन झाली. 1.9 किलोमीटर समुद्रात पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं. त्याआधी मिलिंद सोमण यांनी 2015 मध्ये झुरिकची पूर्ण आयर्नमॅन पार केली होती आणि वृत्तपत्रांमुळे हा शब्द घराघरात गेला होता. त्याचा एक परिणाम मात्र फारसा चांगला झाला नाही. अनेकांना खेळाची ओळख त्याच्या शेवटच्या पायरीपासून झाली.

आता नियमांकडे वळू. ज्यांना पहिल्यांदा शर्यतीची माहितीपुस्तिका हातात मिळते त्यांना काही कलमं तऱ्हेवाईक वाटतात. बाहेरच्या माणसाकडून पाण्याची बाटलीसुद्धा घ्यायची नाही. सायकल स्टँडवरून काढण्याआधी हेल्मेटचा पट्टा बांधलेला हवा आणि सायकल परत लावेपर्यंत तो सोडायचा नाही. पुढच्या सायकलच्या मागे दहा-बारा मीटर अंतर ठेवायचं. यातला पहिला नियम इतिहासात नेमका उलटा होता. 18 फेब्रुवारी 1978 रोजी ओआहूवर 15 जण पहिल्या आयर्नमॅनला उभे राहिले, तेव्हा प्रत्येकाने आपली मदतीची माणसं आणि गाडी स्वतः आणायची अशी अटच होती. जॉन डनबार या स्पर्धकाच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. त्याचे पाय लटपटू लागले आणि तो दुसरा आला. पहिला आला गॉर्डन हॅलर, 11 तास 46 मिनिटांत. पुढे स्पर्धकांची संख्या शेकड्यांत गेल्यावर प्रत्येकामागे एक गाडी म्हणजे रस्त्यावर कोंडी आणि अपघात. 1981 मध्ये शर्यत हवाईच्या मोठ्या बेटावर, कोनाला हलली, आणि पाणी-खाण्याची जबाबदारी हळूहळू आयोजकांच्या ठाण्यांकडे गेली. खासगी मदतीवर बंदी आली ती या बदलाची दुसरी बाजू. याचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. ठाणी किती किलोमीटरवर आहेत, तिथे काय मिळणार आणि काय नाही, हे आधी माहीत करून घ्यायचं, आणि टायर पंक्चर झाला तर ट्यूब आपल्याच हाताने बदलता आली पाहिजे. ठाण्यावर दिसेल तितकं पाणी पीत सुटणंही घातक ठरतं. शरीरातलं सोडियम उतरून माणूस अत्यवस्थ होतो, हे लांब पल्ल्याच्या शर्यतींमुळेच 1980 च्या दशकात वैद्यकाच्या नीट ध्यानात आलं.

काळजीचा मोठा भाग असा स्पर्धकाकडून आयोजकाकडे सरकला. पाण्यात मात्र तो पूर्ण सरकत नाही आणि सरकणारही नाही. अमेरिकेत 1985 ते 2016 या काळातल्या ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना मिळून 135 प्रकरणं डॉक्टरांनी तपासली. त्यांतली 90 पोहताना घडली होती. सायकलवर किंवा धावताना घडलेली त्या मानाने थोडी. सरासरी वय 47 च्या आसपास, आणि दर शंभरातले 85 पुरुष. इथे एक आक्षेप समोर येतो: पोहणं आधी ठेवलं तेच सुरक्षिततेसाठी ना, मग हे कसं? पोहणं आधी ठेवल्याने दमून बुडण्याचा धोका कमी झाला, यात शंका नाही. पण त्याच क्रमाने दुसरी अवस्था निर्माण केली. अंग न तापलेलं, छाती धडधडत असलेली, शेजारी शंभर-दोनशे माणसांचे हातपाय, गढूळ पाणी आणि तळाला जलतरण तलावातली काळी रेघ नाही. हृदयात आधीपासून दोष असेल तर तो नेमका या क्षणी डोकं वर काढतो. ज्यांच्या शवविच्छेदनाचे अहवाल हाती आले त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक जणांच्या हृदयात असा दोष सापडला होता. एकदम सगळ्यांना सोडण्याऐवजी थोड्याथोड्यांना सोडण्याची पद्धत पसरली, ती पाण्यातल्या याच रेटारेटीवरचा उतारा आहे. दुसरा आक्षेप आकड्यांचा. अशा घटनांचं प्रमाण लाख स्पर्धकांमागे पावणेदोनच्या आसपास भरतं, मग एवढी भीती कशाला? भीती नकोच. पण साठी ओलांडलेल्या पुरुषांत हेच प्रमाण लाखात अठरावर गेलं, हेही त्याच अभ्यासात आहे. सरासरीचा आधार घेऊन पन्नाशीच्या माणसाने हृदयतपासणी टाळणं मला पटत नाही.

आपल्या पाण्याबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण परदेशी पुस्तकं इथे कामाला येत नाहीत. थंड पाण्यातल्या शर्यतीत स्पर्धक रबरी वेटसूट घालतात. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात खास ट्रायथलॉनसाठी असे सूट निघाले, आणि ते ऊब देतात तसंच शरीर तरंगतही ठेवतात. कच्च्या पोहणाऱ्याला तो मोठा आधार. पण ठरावीक तापमानाच्या वर वेटसूटला मनाई असते आणि गोव्याचं किंवा कोल्हापूरचं पाणी बहुधा त्या रेषेच्या वरच असतं. म्हणजे इथे माणूस फक्त आपल्या अंगच्या पोहण्यावर. पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली पिढी आपल्याकडे आहे आणि खोल पाण्याची भीती तिची केव्हाच गेली आहे. पण विहिरीत दिशा धरून पोहावं लागत नाही. उलट जलतरण तलावात शिकलेल्याला अंतर जमतं, पण दर 25 मीटरला भिंत हाताशी असण्याची सवय असते. दोघांनाही उघड्या पाण्यात, वर मान काढून खूण पाहत, धक्के खात सलग पोहण्याचा सराव वेगळा करावा लागतो, तोही एकट्याने कधी नाही. ज्या तलावात शर्यत आहे तिथे उतरण्याची जागा चिखलाची आहे की पायऱ्यांची, सकाळी उन्हं कुठल्या दिशेने डोळ्यांवर येतात, जलपर्णी आहे का, समुद्र असेल तर त्या तारखेला भरती किती वाजता, बचावाच्या होड्या किती आणि त्यांत कोण बसणार, हे आयोजकांना सरळ विचारावं. उत्तर देताना जो आयोजक कंटाळतो, त्याच्या शर्यतीत उतरू नये.

नियमांच्या या पसाऱ्याने खेळातलं मूळ धाडस मारलं, अशी तक्रार ऐकू येते. या तक्रारीमागे बहुधा एक चित्र असतं. फेब्रुवारी 1982 मध्ये कोनाला ज्युली मॉस ही विद्यार्थिनी आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली, कॅथलीन मॅकार्टनी तिच्या पुढे निघून गेली आणि ज्युलीने रांगत रेषा ओलांडली. दूरचित्रवाणीने ते दृश्य अमेरिकाभर दाखवलं आणि खेळाकडे ओघ लागला. त्या दृश्याशिवाय ट्रायथलॉन इतकी पसरली नसती, हे मान्यच करायला हवं. तिची जिद्दही खरी होती. पण रांगत पोहोचणं हीच या खेळाची खूण असं जे ठसलं, त्याने आठ वर्षांपूर्वीची मिशन बेची संध्याकाळ झाकली गेली. तिथे आपापली साधी सायकल घेऊन आलेल्या माणसांना फक्त तीन गोष्टी एका दमात करून पाहायच्या होत्या. खर्चाची ओरडही त्या संध्याकाळपुढे निम्मी होते. कार्बनची सायकल ही नंतरची भर. ब्रेक नीट असलेली साधी सायकल आणि डोक्यावर नीट बसणारं हेल्मेट घेऊन स्प्रिंट शर्यत पुरी करता येते. राहिली वेळेची मर्यादा. ती चुकली म्हणून पाण्यातून किंवा रस्त्यावरून बाजूला घेतलं जाणं अनेकांना अपमान वाटतो. 1978 च्या त्या पहिल्या आयर्नमॅनमध्ये 15 उतरले होते आणि 12 पोहोचले. राहिलेले तिघं पोहोचले नाहीत, तरी पहिल्या आयर्नमॅनला उभ्या राहिलेल्या पंधरांत आजही त्यांची गणना होते.