बाबांची हत्यारपेटी

परवा आमच्या गाडीचा डावा हेडलाइट गेला. एका रिक्षावाल्यानं सिग्नलला "काका, गाडी काणी झाली!" असं ओरडून सांगेपर्यंत मला पत्ताच नव्हता. येताना साडेतीनशेचा बल्ब घेऊन आलो आणि घरी म्हणालो, उद्या गॅरेजला टाकतो. पेपरातून डोकं वर न काढता बाबा म्हणाले, "बल्बला गॅरेज कशाला? दहा मिनिटांचं काम. माळ्यावरची पेटी काढ."

बाबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. उजवा हात थोडा कापतो. गेली दोन-तीन वर्षं आम्ही त्यांना स्टुलावर चढू देत नाही, पिठाच्या गिरणीत जाऊ देत नाही, फ्यूजला हात लावू देत नाही. सगळं काळजीपोटीच, पण माणसाकडून एकेक काम काढून घेतलं की तो खुर्चीत कसा बसतो ते रोज दिसतं. त्यामुळे ती हिरवी पत्र्याची पेटी खाली काढताना मलाच जरा हुरूप आला होता.

हे वाचणाऱ्या आमच्या घरच्या मंडळींना ती पेटी नक्की आठवेल. १९८४ साली बाबांनी सेकंडहँड पद्मिनी घेतली, तिच्याबरोबरच ही घरात आली. रिंग पाने, पकड, पॉलिश पेपरचे तुकडे, एक जुना टूथब्रश आणि एक दुमडलेलं पोस्टकार्ड. पोस्टकार्डाचं काम पुढे येईलच.

पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. १९६४ साली '११०० डिलाइट' म्हणून आली, सत्तरच्या दशकात तिचं 'पद्मिनी' असं बारसं झालं आणि किरकोळ फेरफार सोडले तर शेवटपर्यंत ती तीच राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, एक कार्ब्युरेटर, एक डिस्ट्रिब्यूटर. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी खालची जमीन दिसायची!

आता ही गाडी इतकी वर्षं बदलली का नाही, तर बदलायची गरजच नव्हती. लायसन्स राजमध्ये किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवायचं, आणि गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेलं. पण त्याचा एक फायदा असा झाला की कुठल्याही वर्षाचा पार्ट कुठल्याही वर्षाच्या गाडीला बसायचा. नाना पेठेत जाऊन नुसतं "फियाटचा फॅन बेल्ट" म्हटलं की पुढचा प्रश्न नाही. आणि दुरुस्ती येणारा माणूस दर दोन मैलांवर झाडाखाली बसलेला असे.

बोरघाट आठवतो. मे महिना, गाडीत आम्ही सहा जण, आणि अर्ध्या चढावर गाडी आचके देऊन बंद. उष्णतेनं पंपात पेट्रोलची वाफ व्हायची आणि पेट्रोल पुढे सरकायचं नाही. बाबा शांतपणे उतरायचे, पाण्यात भिजवलेलं फडकं पेट्रोल पंपावर गुंडाळायचे. आई आणि आम्ही कठड्यावर बसून भडंग खायचो. तेवढ्यात बाबा डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून सीबी पॉइंट पॉलिश पेपरनं घासायचे आणि दुमडलेलं पोस्टकार्ड मधे सरकवून अंतर लावायचे. (खरं तर यासाठी फीलर गेज नावाची पट्टी असते. बाबांकडे ती होतीही. पण पोस्टकार्डावर त्यांचा विश्वास जास्त.) मग आईला म्हणायचे, "मार स्टार्टर." गाडी चालू झाली की मागच्या सीटवर टाळ्या.

आता यात फार हळवं होण्यात अर्थ नाही. बाबा रस्त्यात गाडी दुरुस्त करायचे कारण ती रस्त्यात बंद पडायची! सध्याची आमची गाडी आठ वर्षांत एकदाही वाटेत थांबलेली नाही, हे लिहिल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल.

मग बॉनेटखाली कॉम्प्युटर आला कधी? मला वाटायचं, कंपन्यांनी गॅरेजवाल्यांचं पोट मारायला आणला. वाचायला बसलो तर गोष्ट वेगळीच निघाली. तो आला हवेसाठी. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल सक्तीचं झालं. १९९९ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्ली परिसरासाठी युरो मानकं लावायचा आदेश दिला, आणि २००० पासून देशभर धुराचे नियम कडक होत गेले. कन्व्हर्टर नीट चालायला एक ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा, असं माप सतत सांभाळावं लागतं. गाडी चढावर असो की सिग्नलला. कार्ब्युरेटर हे अंदाजपंचे करणारं यंत्र, त्याला ते झेपणारं नव्हतं. म्हणून धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोल मोजून फवारणारे इंजेक्टर आणि त्यांच्यामध्ये सेकंदात अनेकदा हिशेब करणारी एक बंद डबी. सीबी पॉइंट इतिहासजमा झाला आणि पोस्टकार्डही.

गंमत म्हणजे त्या डबीशी कुणालाही बोलता यावं अशी सोय कायद्यानंच करवून घेतली होती. सुरुवात कॅलिफोर्नियानं केली, आणि १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना एकाच मापाचं सोळा पिनांचं सॉकेट आलं. आपल्याकडेही २०१० पासून टप्प्याटप्प्यानं ते आलं. बिघाड काय आहे ते गाडीनं स्वतः सांगावं, ही कल्पना किती चांगली! पण तिथून सगळ्यांना समान कळतं ते मुख्यतः धुरासंबंधीचं. बाकीचं ऐकायला प्रत्येक कंपनीचं वेगळं मशीन लागतं.

असो. पण हेडलाइटच्या बल्बचा आणि धुराचा काय संबंध? काहीच नाही. आणि माझी खरी चिडचिड तीच आहे.

रविवारी सकाळी बाबा स्वेटर घालून, पेटी घेऊन खाली आले. मी बॉनेट उघडलं. आत एक मोठं काळं प्लास्टिकचं झाकण. बाबांनी विचारलं, "इंजिन कुठंय?" डाव्या दिव्याच्या मागे बॅटरी, आणि दोघांच्या मधे चार बोटांची फट. बाबांचा हात मनगटाशी अडला. मग मी घातला, दोन बोटं सोलून घेतली, स्प्रिंगची क्लिप हाताला लागली पण वळेना. या गाड्या कारखान्यात पुढून जोडत आणतात, दिवा आधी आणि बंपर शेवटी. जोडायला सेकंद लागावेत याचा विचार झालेला असतो. काढायचा कुणी केलेला नसतो.

बाबांनी चष्मा लावून गाडीची पुस्तिका वाचली. पद्मिनीबरोबर आलेल्या पुस्तिकेत पॉइंटचं अंतर, प्लगचं अंतर छापलेलं होतं. या पुस्तिकेत फोन ब्लूटूथला कसा जोडायचा याला अकरा पानं आहेत, आणि हेडलाइटपुढे एक ओळ: अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा. दीड तासानं बाबांनी एकेक पाना फडक्यानं पुसून पेटीत ठेवला. काही बोलले नाहीत. मी बोललो, "गाडीच तशी आहे हो." त्यांनी नुसती मान हलवली.

सोमवारी सेवा केंद्रात बंपर उतरवला. माझा बल्ब मात्र लावला नाही. "बाहेरचा पार्ट लावला तर हेडलाइटची वॉरंटी जाईल." त्यांचा बल्ब आणि मजुरी मिळून सतराशे रुपये. घरी येऊन शोधलं तर कळलं की या कुरकुरीलाही इतिहास आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं नेमक्या याच गोष्टींवरून, म्हणजे सुटे भाग आणि तपासणीची मशिनं बाहेरच्या गॅरेजना न देणं, वॉरंटीचा धाक घालणं, १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड केला होता. प्रकरण पुढे अपिलात आणि कोर्टात गेलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ सालीच मोटार दुरुस्तीच्या हक्काला कौल दिला होता. आपल्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत मोटारीही आहेत. बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "समिती ना? मग होईल सावकाश."

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हाची बातमी त्यांनी कापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. ती मला परवाच दिसली.

उरलेला बल्ब परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, फोडलेलं पाकीट परत घेत नाही. बाबांनी तो माझ्याकडून मागून घेतला, पाकिटावर पेननं तारीख घातली आणि पेटीत ठेवला.

"राहू दे. उजवा जाईल तेव्हा लागेल," म्हणाले. "त्या बाजूला बॅटरी नाहीये. मी बघून ठेवलंय, हात जातो."