नाशिक : कार्यालयीन इमारतींची उंची

नाशिक महानगरपालिका (स्थापना १९८२) हद्दीतील कार्यालयीन इमारतींवरील बांधकाम-मर्यादा आणि त्यांचे अर्थकारण. उंचीची चर्चा सहसा चटईक्षेत्र निर्देशांकाभोवती फिरते. प्रत्यक्षात उंची ठरते ती रस्त्याची रुंदी, भूखंडाचा आकार आणि मिळणारे भाडे यांवर.

नियम : डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार मूळ निर्देशांक १.१० आहे. अधिमूल्य भरून आणि हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) विकत घेऊन तो वाढवता येतो, पण किती हे समोरचा रस्ता ठरवतो. ९ मीटरहून अरुंद रस्त्यावर ही वाढ मिळत नाही; ३० मीटर वा त्याहून रुंद रस्त्यावर तो ३ पर्यंत जातो. बिगरनिवासी इमारतीला त्यावर ८० टक्के अनुषंगिक क्षेत्र अधिमूल्य भरून मिळते. म्हणजे अशा रस्त्यावरील १,००० चौ.मी. भूखंडावर ३,००० अधिक २,४००, असे ५,४०० चौ.मी. बांधकाम बसते. मजला ४५० चौ.मी.चा धरला तर इमारत बारा मजली होते. मात्र उंची वाढली की इमारतीभोवती सोडावयाची सामासिक अंतरेही वाढतात, आणि लहान भूखंडावर मजला आक्रसत जातो.

कपाट प्रश्न : रस्त्याचे महत्त्व नाशिकला कळले ते याच प्रश्नातून. जुन्या नियमांत निर्देशांकाबाहेर धरलेली कपाटे अनेक इमारतींत खोल्यांना जोडली गेली आणि महापालिकेने पूर्णत्वाचे दाखले रोखले. अनेक इमारती ६ व ७.५ मीटर रस्त्यांवर होत्या, तिथे टीडीआर वापरून वाढीव क्षेत्र नियमित करणे शक्य नव्हते. म्हणून हे रस्ते ९ मीटर करण्याचा प्रस्ताव पुढे आला. दोष कोणाचा, याबाबत मतभेद आहेत. २०२० च्या नियमावलीने असे क्षेत्र निर्देशांकातच मोजायला घेतले.

विमानतळ परिसर : गांधीनगर व ओझर परिसरात उंचीवर स्वतंत्र निर्बंध आहेत.

अर्थकारण : निर्देशांक सढळ केला की मनोरे आपोआप उभे राहतील, असा युक्तिवाद केला जातो. परंतु ज्या नियमावलीत नाशिकमध्ये उंच निवासी इमारती उभ्या राहतात, तीच कार्यालयांनाही लागू आहे; तेव्हा अडसर केवळ नियमांचा नाही. उंचीला अर्थकारणाचीही सीमा असते. अर्थतज्ज्ञ क्लार्क आणि वास्तुविशारद किंग्स्टन यांनी १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलजवळील जागेचा हिशेब मांडला. तिथल्या महागड्या जमिनीवर सर्वाधिक परतावा ६३ मजल्यांना मिळत होता. त्यापुढे लिफ्ट आणि बांधकामाचा खर्च उत्पन्नापेक्षा वेगाने वाढत होता. जमीन जितकी स्वस्त, तितकी ही सीमा खाली येते. नाशिकमध्येही प्रत्येक वाढीव मजल्यासोबत लिफ्ट, अग्निसुरक्षा आणि पार्किंगचा बोजा वाढतो, पण भाडे त्या प्रमाणात वाढत नाही. अंबड औद्योगिक वसाहतीत एमआयडीसीने उभारलेली माहिती-तंत्रज्ञान इमारत दीर्घकाळ वापराविना राहिली; नुसती जागा असणे पुरेसे ठरले नाही. निर्बंध निरर्थक आहेत, असा याचा अर्थ नाही. अरुंद रस्त्यांवर ते गर्दीला योग्य आवर घालतात. नाशिकने निर्देशांक आणखी वाढवण्याआधी रुंद रस्ते, एकत्रित भूखंड आणि भरवशाची सार्वजनिक वाहतूक यांवर खर्च करणे अधिक हिताचे आहे.