कधीच न भेटलेल्यांची गाठभेट

१९४८ साली हॉलिवूडच्या आर.के.ओ. कंपनीने 'रिटर्न ऑफ द बॅड मेन' नावाचा चित्रपट काढला. गोष्ट घडते १८८९ मध्ये, ओक्लाहोमाची जमीन वसाहतीसाठी खुली झाली त्या दिवसांत. दरोडेखोरांची एक मोठी टोळी जमते आणि रँडॉल्फ स्कॉट हा उंचापुरा, मितभाषी नट कायद्याच्या बाजूने उभा राहतो. या टोळीत कोण कोण आहे? बिली द किड आहे, डाल्टन बंधू आहेत, यंगर बंधू आहेत, सनडान्स किड आहे, बिल डूलिनही आहे. ज्याला तारखा तपासण्याची थोडीशी जरी खोड आहे, तो इथेच थबकतो. बिली द किडला शेरीफ पॅट गॅरेटने १४ जुलै १८८१ च्या रात्री न्यू मेक्सिकोत गोळी घातली. गोष्ट सुरू होते तेव्हा बिलीला मातीआड होऊन आठ वर्षे झालेली. कोल यंगर त्या वर्षी मिनेसोटाच्या तुरुंगात होता आणि त्याचा भाऊ जॉन १८७४ सालीच मारला गेला होता.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर उमाजी नाईक, वासुदेव बळवंत फडके आणि सुलताना डाकू एकाच गुहेत शेकोटीभोवती बसून बेत आखताहेत, असे हे झाले. उमाजींना १८३२ मध्ये फाशी झाली, फडक्यांचा जन्म १८४५ चा आणि सुलताना फासावर गेला तो १९२४ मध्ये. आपण हसू. पण अमेरिकेत अशा चित्रपटांची रांगच लागली होती. आधीच्या 'बॅडमॅन्स टेरिटरी'ने, म्हणजे १९४६ साली, जेसी जेम्स, सॅम बास, बेल स्टार आणि डाल्टन बंधू यांना एका गावात आणून बसवले होते. सॅम बास १८७८ मध्ये मेला आणि डाल्टन बंधू दरोड्यांकडे वळले ते १८९० च्या सुमारास! चित्रपट चांगला चालला, म्हणून तर दोन वर्षांनी पुढचा निघाला.

हा सगळा बाष्कळपणा म्हणून सोडून द्यावा असे कुणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. या गाठीभेटींमागे आधी एक साधा व्यवहार आहे आणि त्या व्यवहारामागे एक विलक्षण खरी हकीकत आहे.

व्यवहार असा. त्या काळी अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. पहिला मोठ्या नटांचा, दुसरा तासाभराचा, जोडीला लावलेला. मोठ्या चित्रपटाच्या गल्ल्यात निर्मात्याची टक्केवारी असे. जोडीच्या चित्रपटाला मात्र ठरलेले भाडे मिळे, थिएटर भरो की रिकामे राहो. कमाई आधीच ठरलेली, तेव्हा नफा हवा तर खर्च कापायचा. पी.आर.सी., मोनोग्राम, रिपब्लिक अशा छोट्या कंपन्या यावरच जगल्या. पी.आर.सी.चे चित्रपट आठवडाभरात उरकत. लॉस एंजेलिसजवळच्या आयव्हर्सन रँचवरचे तेच ते खडक शेकडो चित्रपटांत दिसतात. घोड्यांचा पाठलाग एकदा टिपला की तो पुढच्या चार चित्रपटांत चिकटवायचा. सॅम न्यूफील्ड नावाचा दिग्दर्शक एका वर्षात इतके चित्रपट काढी की पडद्यावर सगळीकडे एकच नाव नको म्हणून तो दोन टोपणनावेही वापरत असे.

नामांकित नट परवडत नाही. मग पाटीवर लिहायचे काय? मेलेल्या माणसाचे नाव. ते फुकट असते आणि गावागावातल्या पोरांना पाठ असते. एका नावाला शंभर माणसे येतात, तर पाच नावांना पाचशे येतील, असा तो सरळ किराणा दुकानातला हिशेब. पी.आर.सी.ने १९४० पासून बिली द किडची मालिकाच काढली आणि तीत बिली चक्क सज्जन, अन्यायाविरुद्ध लढणारा नायक! १९४३ मध्ये त्याचे नाव बदलून बिली कार्सन केले. नट तोच, घोडा तोच.

फुकटच्या नावाला एकच अडचण होती, ती म्हणजे मागे राहिलेली बायको. टूमस्टोनच्या प्रसिद्ध चकमकीतला मार्शल वायट अर्प १९२९ साली वारला. १९३४ मध्ये 'फ्रंटियर मार्शल' निघाला तेव्हा त्याच्या विधवेने, जोसेफिनने, कोर्टाची भाषा केली आणि कंपनीला नायकाचे नाव बदलावे लागले. दरोडेखोरांच्या वाट्याला अशी खमकी बाई क्वचितच आली.

या प्रकाराचे शेवटचे टोक १९६६ चे. विल्यम बोडीन या म्हाताऱ्या दिग्दर्शकाने त्या वर्षी दोन चित्रपट जोडीने दिले. एकात बिली द किडची गाठ ड्रॅक्युलाशी, दुसऱ्यात जेसी जेम्सची गाठ फ्रँकेन्स्टाइनच्या घराण्यातल्या लेकीशी. त्यावर अधिक बोलण्यासारखे काही नाही.

आमच्या आर्णीत हे काऊबॉय कधी आले नाहीत. पण त्यांचे चुलतभाऊ आले. बाबा कंबलपोष यांच्या उर्साची जत्रा भरली की तंबूची टुरिंग टॉकीज यायची. दिवसा कर्णा लावलेली गाडी गावभर फिरे, रात्री जमिनीवर बसून खेळ. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ संपले की दिवा लागे आणि तेवढ्यात चिवडा, शेंगदाणे विकणारा पोरगा फेरी मारून जाई. पोस्टरवर जितकी नावे जास्त, तितकी तंबूपुढे रांग मोठी, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिले आहे. 'सिंदबाद अलिबाबा अँड अलादिन' असा १९६५ चा एक हिंदी चित्रपट आहे. नावातच तीन नायक! १९७२ च्या 'सुलताना डाकू'त दारासिंग होता आणि आमच्यापैकी कुणालाही सुलताना हा खराखुरा माणूस होता, त्याला फ्रेडी यंग नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने पकडले होते, हे ठाऊक नव्हते. पुढे १९९१ मध्ये 'रामगढ के शोले' आला. त्यात अमजद खान पुन्हा गब्बरसिंग झाला आणि त्याच्यासमोर उभे राहिले अमिताभ, देव आनंद, गोविंदा यांच्यासारखे दिसणारे नट. इथे तर मेलेल्यांच्या नावांऐवजी जिवंत नटांचे चेहरेच फुकटात वापरले. पी.आर.सी.च्या मालकांनी टोपी काढून सलाम केला असता.

आता खरी हकीकत. या गाठीभेटी लेखकांच्या डोक्यातून निघाल्या असे आपण समजतो. पण पोलीस आणि दरोडेखोर यांना एका चित्रपटात आणण्याचे काम पहिल्यांदा केले ते खुद्द पोलिसाने आणि खुद्द दरोडेखोराने.

बिल टिल्घमन हा ओक्लाहोमाचा नावाजलेला मार्शल. बिल डूलिनसारख्या टोळीप्रमुखाला त्याने १८९६ मध्ये एकट्याने पकडले होते. १९०८ मध्ये त्याने 'द बँक रॉबरी' नावाचा लहानसा मूकपट दिग्दर्शित केला. त्यात दरोडेखोराचे काम केले अल जेनिंग्जने, जो आधी वकील, मग रेल्वे लुटारू, मग कैदी, आणि आता माफी मिळालेला सभ्य गृहस्थ होता. म्हणजे कॅमेऱ्यामागे मार्शल आणि पुढे लुटारू. दोघेही खरे!

ही मैत्री टिकली नाही. जेनिंग्जला प्रसिद्धीची चटक लागली. १९१४ मध्ये त्याने स्वतःच्या आयुष्यावर 'बीटिंग बॅक' हा चित्रपट काढला. त्यात लुटारू दिलदार आणि मार्शल मंडळी बावळट दिसत होती. त्याच वर्षी तो राज्याच्या गव्हर्नरपदासाठी पक्षाच्या उमेदवारीच्या निवडणुकीतही उतरला आणि तिसरा आला. जुन्या मार्शलांना हे झोंबले. टिल्घमनने उत्तर म्हणून १९१५ मध्ये 'पासिंग ऑफ द ओक्लाहोमा आउटलॉज' काढला. त्यात तो स्वतः आहे, त्याचे जुने साथीदार आहेत, आणि डूलिनच्या टोळीतला रॉय डॉहर्टी ऊर्फ अर्कान्सास टॉमही आहे. १ सप्टेंबर १८९३ रोजी इंगल्स गावी जी चकमक झाली, तीत तीन मार्शल प्राणाला मुकले. त्या दिवशी हॉटेलच्या माडीवरून गोळ्या झाडणारा तो हाच टॉम. पन्नास वर्षांची शिक्षा झाली, १९१० मध्ये सुटला आणि पाच वर्षांनी कॅमेऱ्यासमोर तोच प्रसंग पुन्हा उभा करायला आला. ज्यांचे सोबती त्याने आणि त्याच्या टोळीने मारले, त्याच माणसांबरोबर!

चित्रीकरणाच्याच दिवसांत, २७ मार्च १९१५ रोजी, जवळच्या स्ट्राउड गावात हेन्री स्टार या दरोडेखोराने एकाच वेळी दोन बँका लुटल्या आणि एका पोरसवदा मुलाच्या गोळीने जखमी होऊन तो पकडला गेला. हा स्टारही पुढे तुरुंगातून सुटून १९१९ मध्ये स्वतःच्याच चित्रपटात स्वतःच नायक झाला. दोन वर्षांनी पुन्हा बँक लुटायला गेला आणि तिथेच गोळी लागून मेला.

हे सगळे कशासाठी? टिल्घमनला भीती होती ती एकाच गोष्टीची, की मागे उरणारी कहाणी लुटारूच्या तोंडची असेल. पॅट गॅरेटलाही बिलीच्या मृत्यूनंतर हीच चिंता होती. बिलीला झोपेच्या वेळी, अंधाऱ्या खोलीत मारले, म्हणून लोक त्याला नावे ठेवू लागले. १८८२ मध्ये त्याने बिलीचे चरित्र आपल्या नावाने छापले. ते फारसे खपले नाही. पण एकवीस वर्षांच्या आयुष्यात एकवीस माणसे मारली, ही दंतकथा अशाच लिखाणातून पसरली. इतिहासकार तो आकडा दहाच्या आत आणतात. पकडणाऱ्याला आपला शत्रू मोठा दिसलेला हवा असतो, कारण त्यावर त्याची स्वतःची उंची ठरते.

हेच मराठी मुलखात पन्नास वर्षे आधी घडून गेले होते. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशने डिसेंबर १८३१ मध्ये उमाजी नाईकांना पकडले, पुढच्या वर्षी पुण्यात त्यांना फाशी झाली आणि १८३३ मध्ये मॅकिंटॉशने रामोशी समाजावर एक ग्रंथ मुंबईत छापला. उमाजींचे चरित्र त्यातच आहे. उमाजींच्या डोळ्यांसमोर शिवाजी महाराजांचे उदाहरण होते, ही नोंद या इंग्रज अधिकाऱ्याची. आज आपण उमाजींना आद्य क्रांतिकारक म्हणून वंदन करतो तेव्हा पुराव्यासाठी पुन्हा पुन्हा जावे लागते ते याच पुस्तकाकडे. उमाजींनी स्वतःची हकीकत स्वतः लिहिली असती तर ती कशी असती, हा प्रश्न मला फार छळतो. मॅकिंटॉश वाचताना दर पानावर विचारावे लागते की इथे बोलतो आहे तो इतिहासकार, की आपल्या कामगिरीचा अहवाल देणारा कप्तान? उमाजी आणि मॅकिंटॉश एकमेकांना खरोखर भेटले होते. पण त्या भेटीचे वर्णन आपल्यापर्यंत आले ते एकाच बाजूचे.

म्हणून मला टिल्घमनच्या त्या मूकपटाचे मोल वाटते. तो खोटेपणाने भरलेला आहे, मार्शलांची बाजू उजळ करणारा आहे, हे खरेच. पण त्यात दुसऱ्या बाजूचा निदान एक माणूस स्वतःच्या पायांनी चालत येतो. बाकी चित्रपटांनी मेलेल्यांना एकत्र आणले, कारण मेलेले पैसे मागत नाहीत आणि हरकतही घेत नाहीत.

टिल्घमन हा चित्रपट घेऊन पुढे कित्येक वर्षे गावोगाव हिंडला. पडद्यासमोर उभा राहून स्वतः भाषण करायचा, मग खेळ. आमच्या तंबूवाल्यासारखाच. १९२४ च्या ऑगस्टमध्ये अर्कान्सास टॉम मिसूरीतल्या जॉप्लिन गावी पोलिसांच्या गोळीने मेला. अडीच महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, सत्तरी गाठलेल्या टिल्घमनला क्रॉमवेल गावात दारूबंदी खात्याच्या एका सरकारी अधिकाऱ्यानेच गोळी घातली. कोर्टात तो अधिकारी निर्दोष सुटला. दोघे ज्यात दिसतात, त्या चित्रपटाचे आज काही तुकडे तेवढे उरले आहेत.