स्वमग्नता आणि रोगप्रतिकारक यंत्रणा : नाते आहे, दोष नाही

‘आमच्या घराण्यात संधिवात आहे, मधुमेह आहे, म्हणून तर आमचे मूल असे झाले नसेल ना?’ स्वमग्न बालकांच्या मातापित्यांच्या या प्रश्नामागे जिज्ञासेपेक्षा अपराधभावच अधिक असतो. म्हणून स्वमग्नता अर्थात ऑटिझम आणि रोगप्रतिकारक यंत्रणेचे विकार यांच्या संबंधाविषयीची माहिती आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपणा असून संवाद, परस्परसंबंध व वर्तन यांवर त्याचा प्रभाव पडतो. अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणावरून तिचे वर्णन केले. त्यानंतरच्या दोन दशकांत मातेच्या कोरडेपणामुळे मूल स्वमग्न होते, असे मत रूढ झाले. पुढे ते निराधार ठरले आणि जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा मोठा वाटा स्पष्ट झाला. परंतु तोवर असंख्य मातांनी नाहक दोष वाहिला होता.

संशोधन काय सांगते?

जंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा कधी स्वतःच्याच अवयवांवर उलटते. अशा आजारांना ऑटोइम्यून विकार म्हणतात. स्वमग्न बालक आणि त्याच्या कुटुंबातील असे विकार यांच्याकडे १९७१ साली एका शोधनिबंधाने लक्ष वेधले. त्याच वर्षी स्टेला चेस यांनी, न्यूयॉर्कमध्ये १९६४ च्या साथीत मातेच्या उदरात असताना रुबेलाची बाधा झालेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण बरेच अधिक असल्याचे दाखविले.

२००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांना स्वमग्न व्यक्तींच्या मरणोत्तर तपासलेल्या मेंदूंत रोगप्रतिकारक पेशी उत्तेजित झाल्याचे आढळले. २००९ साली डेन्मार्कमधील ६,८९,१९६ मुलांच्या नोंदींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. मातेचा संधिवात, मातेचा गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा सिलिअ‍ॅक आजार आणि कुटुंबातील टाइप १ मधुमेह यांचा स्वमग्नतेशी संबंध त्यात दिसून आला.

मात्र येथे विवेक हवा. संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. असे विकार असलेल्या बहुसंख्य मातांची मुले स्वमग्न नसतात आणि बहुसंख्य स्वमग्न मुलांच्या माता या विकारांपासून मुक्त असतात.

दोन धोके

पहिला धोका लसीच्या भीतीचा. गोवर व रुबेलाच्या लसीमुळे स्वमग्नता येते, असे सुचविणारा १९९८ चा लेख अवघ्या बारा मुलांवर आधारित होता. ‘लॅन्सेट’ने तो २०१० साली मागे घेतला. डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांच्या २०१९ च्या अभ्यासातही असा संबंध आढळला नाही. उलट रुबेलाची लस गर्भातील बालकाचे रक्षण करते.

दुसरा धोका महागड्या आशेचा. ‘प्रतिकारशक्ती सुधारून स्वमग्नता बरी करू’ असे सांगत मूलपेशी उपचार विकले जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्वमग्नतेसाठी या उपचारांची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले. दागिने मोडण्यापूर्वी किंवा कर्ज काढण्यापूर्वी पालकांनी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. वाचा-उपचार, वर्तन-प्रशिक्षण व विशेष शिक्षण लवकर सुरू केल्यास मुलांना खरा लाभ होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्येही स्वमग्नतेचा समावेश आहे.

ख्रिस्तसभेची भूमिका

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध मनुष्याविषयी दोष कोणाचा, असे विचारतात. प्रभू येशू त्या मनुष्याला आणि त्याच्या आईवडिलांना, दोघांनाही दोषमुक्त करतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॅटिकनमध्ये स्वमग्नतेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी अशा कुटुंबांची भेट घेऊन त्यांचे एकाकीपण दूर करण्याचे आवाहन केले. शारीरिक वा मानसिक अडचणी असलेल्यांनाही त्यांच्या परिस्थितीनुसार धर्मशिक्षण मिळावे याची जबाबदारी धर्मविधीसंहितेचा ७७७ वा नियम धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंवर सोपवितो.

संशोधन पुढे जात राहील. त्यातून मातांवर नवा ठपका येऊ नये. मिस्साबलिदानाच्या वेळी एखादे मूल मोठ्याने ओरडले, जागेवरून धावत सुटले, तर मागे वळून रोखून पाहू नये. त्याच्या आईला बाकावर थोडी जागा करून द्यावी, एवढी आमची वाचकांस विनंती आहे.